'इंडस क्रीड': नामांतर आणि स्वत्व

एकाच वाद्यवृंदाच्या दोन 'पहिल्या' ध्वनिमुद्रिका असू शकतात काय? मुंबईच्या 'रॉक मशीन'विषयी हा प्रश्न उपस्थित होतो. त्याची पहिली मुद्रिका, 'रॉक अँड रोल रेनेगेड', 1988 मध्ये निघाली. 1993 मध्ये वृंदाने 'इंडस क्रीड' हे नाव धारण केले आणि 1995 मध्ये त्याच नावाची मुद्रिका प्रसिद्ध केली. दरम्यान 1991 मध्ये 'निर्वाना'ची 'नेव्हरमाइंड' येऊन ग्रंज संप्रदायाने झगमगाटी रॉकची सद्दी संपविली होती.

नामांतर म्हणजेच स्वत्वप्राप्ती, असे मानण्याचा मोह येथे होतो. परंतु नावात सिंधू आली, तरी पदरचना इंग्रजीच राहिली. ग्रंजचे सामर्थ्य केवळ कर्कश गिटारीत नव्हते. सिॲटलचे गायक प्रथम आपल्याच गावाशी बोलत होते. नामांतराच्याच वर्षी, 30 सप्टेंबरच्या भूकंपाने, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर उद्ध्वस्त झाले. तेथील श्रोत्याशी ही मुद्रिका काय बोलते? हा प्रश्न अन्यायाचा वाटेल; पण 'इंडस' या व्यापक नावानेच तो ओढवून घेतला आहे.

तथापि एक श्रेय निर्विवाद होय. परकीय गीतांची नक्कल हाच जेथे रिवाज होता, तेथे या वृंदाने स्वरचित गीतांचा आग्रह धरला. स्वतःचे गीत हा स्वत्वाचा आरंभ, तर स्वतःचा श्रोता ही त्याची पूर्तता. आरंभ 1988 मध्येच झाला होता. पूर्तता 1995 मध्येही महानगरापुरतीच राहिली. म्हणून खऱ्या अर्थाने पहिली मुद्रिका एकच, ती 1988 ची.