वारा नसलेला हिवाळा

स्कॉटलंडच्या हिवाळ्याचे फोटो फोनवर सारखे समोर येतात. बरेचसे एकाच साच्यातले: आरशासारखं लॉख, म्हणजे तिथलं तळं, मागे बर्फाळ डोंगर, पाण्यात त्याचं प्रतिबिंब आणि पुढ्यात एक दगड. ते सुंदर असतात, यात वाद नाही. पण त्यात वारा नसतो.

केर्नगॉर्मच्या डोंगरांत तर वारा म्हणजेच हिवाळा. २० मार्च १९८६ रोजी केर्नगॉर्म शिखरावर ताशी सुमारे २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. या शिखराच्या दक्षिणेला, खोल दरीत लॉख अ‍ॅव्हन आहे. उच्चार ‘आन’. उंची सातशे मीटरहून जास्त. तिथवर गाडीरस्ता नाही, चालतच जावं लागतं. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम साडेसहा तासांचा. याच लॉखच्या वरच्या पठारावर नोव्हेंबर १९७१मध्ये हिमवादळात अडकून पाच शाळकरी मुलं आणि अठरा वर्षांची एक प्रशिक्षणार्थी मार्गदर्शक मरण पावली.

हा वारा फोटोतून जातो कुठे? लेन्सवर काळपट एनडी फिल्टर लावायचा आणि शटर तीसेक सेकंद उघडं ठेवायचं. लाटा विरघळतात, पाणी गुळगुळीत होतं. कॅमेऱ्यात ढवळाढवळ करणं हा गुन्हा नव्हे. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो पांढरा बर्फ राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर वाढवावंच लागतं. पण ती ढवळाढवळ डोळ्यांना दिसलेलं परत आणते. लाटा पुसणारी ढवळाढवळ अंगाला लागलेलं काढून टाकते.

नॅन शेफर्डचं ‘द लिव्हिंग माउंटन’ याच्या बरोबर उलट आहे. ती या डोंगरांत आयुष्यभर चालली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लिहिलेलं हे छोटंसं पुस्तक छापून आलं थेट १९७७मध्ये. लॉख अ‍ॅव्हनचं पाणी ती काठावरून बघत नाही, त्यात उतरते. पायाखालचा तळ अचानक खोल जातो तिथवर. थंडीबद्दल लिहिताना ती वाहतं पाणी गोठताना बघत राहते: प्रवाह आणि गारठा यांची झटापट, त्यातून घडणारे बर्फाचे आकार. तिच्या हिवाळ्यात सतत काहीतरी घडत असतं. फोटोतल्या हिवाळ्यात सगळं घडून गेलेलं असतं.

शब्दांना वेळ दाखवता येतो, फोटोला नाही, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. कड्यावरून उडणारा बर्फाचा भुरा, लॉखच्या एकाच काठाला साचलेले बर्फाचे तुकडे, हे एका क्लिकमध्ये येतं. पायाखाली दाबला गेलेला बर्फ घट्ट होतो, भोवतालचा भुसभुशीत बर्फ वारा उडवून नेतो आणि पावलांचे ठसे खड्ड्यांऐवजी उंचवटे होऊन उरतात. अशा ठशांच्या फोटोत वारा असतो, आणि त्यातून चालत गेलेला माणूसही. प्रतिबिंबांचे शंभर फोटो बघण्यापेक्षा असा एक बघायला मला आवडेल.