नाव एक, फाइली दोन: हॅश-टक्कर आणि आवृत्ती-नियंत्रण

आवृत्ती-नियंत्रण शिकताना एक वाक्य हमखास कानावर पडते: दोन वेगळ्या फाइलींचा हॅश सारखा येण्याची शक्यता नगण्य आहे, म्हणून तिचा विचार करू नये. योगायोगापुरते हे खरे आहे. पण कोणी मुद्दाम तशा फाइली घडवल्या तर? या टिपणात आपण तेवढेच तपासू.

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जाहीर केल्या. दोन्हींचा एसएचए-१ हॅश एकच होता. लगेचच वेबकिट प्रकल्पात त्या चाचणीसाठी सबव्हर्जनच्या रेपॉझिटरीत टाकल्या गेल्या आणि रेपॉझिटरीच बिघडली. असे का झाले? जागा वाचवण्यासाठी सबव्हर्जन नव्या मजकुराचा एसएचए-१ आधीच्या नोंदींशी ताडून पाहते. जुळला, तर मजकूर पुन्हा न साठवता जुन्याकडे बोट दाखवते. दुसऱ्या पीडीएफचा मजकूर त्यामुळे साठवलाच गेला नाही. फाइल परत मागितल्यावर मात्र सोबत नोंदवलेला एमडी५ जुळेना आणि चूक उघड झाली. गंमत पाहा: ज्या एमडी५ला आपण कधीच मोडीत काढले, त्यानेच इथे चोर पकडला, तोही चोरी होऊन गेल्यावर. हॅश जुळल्यावर प्रत्यक्ष बाइट ताडून पाहण्याचे कष्ट वाचवले, त्याची ही किंमत. त्याच वर्षीच्या १.९.६ आवृत्तीपासून सबव्हर्जन असा मजकूर नाकारू लागले.

गिटवर त्या पीडीएफचा परिणाम झाला नाही, म्हणून गिटचे चाहते खूश झाले. पण गिट हॅश काढण्यापूर्वी मजकुराआधी वस्तूचा प्रकार आणि लांबी जोडते, एवढेच त्यामागचे कारण. तोच मथळा धरून कोणी नव्याने गणित केले असते, तर हे कवच उरले नसते. मे २०१७ मधल्या २.१३ आवृत्तीत टक्कर ओळखणारा एसएचए-१ आला. त्यामुळे ज्ञात पद्धतीने घडवलेला मजकूर दिसताच गिट थांबते. हा उपाय चांगला आहे, पण तो ज्ञात हल्ल्यांपुरताच आहे.

ओळख पटवणारी ही चाळणी चुकली, तर मात्र गिटचा मूळ नियम उरतो: आधी आलेली वस्तू खरी. समजा, चंडीगढच्या आयटी पार्कातल्या अभियंत्याकडे मूळ फाइल आहे आणि सर्व्हरवर तिची घडवलेली जुळी फाइल बसली आहे. चंडीगढच्या यंत्रावर ती जुळी फाइल उतरू लागली, तर गिट बाइट ताडून काम थांबवील. पण हिंजवडीत आज रुजू झालेली त्याची सहकारी नव्याने क्लोन करते तेव्हा ताडायला तिच्याकडे काहीच नसते. तिला घडवलेली फाइल मिळते, कमिटचा हॅश मात्र दोघांकडे अक्षरशः एकच. दोघे फोनवर चाळीस अक्षरे वाचून दाखवतील आणि निर्धास्त होतील.

यावर ‘गिटमधला हॅश सुरक्षेसाठी नाहीच, डेटा बिघडला तर कळावे म्हणून आहे’ असा बचाव केला जातो. मला तो पटत नाही. सही केलेल्या टॅगमध्ये सही कशावर असते? कमिटचा हॅश ज्यात लिहिला आहे त्या मजकुरावर, फाइलींवर नव्हे. सहीचा सारा विश्वास त्या हॅशवरच उभा आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ३ ने तर हॅश फलनाची अटच अशी घातली आहे की दोन अभिलेखांतून एकच हॅश निघणे संगणनाने अशक्यप्राय असावे. या अटीवर एसएचए-१ आज टिकत नाही.

फॉसिल या छोट्या प्रणालीने मार्च २०१७ मध्येच एसएचए-३ चा आधार घेतला. गिटमध्ये एसएचए-२५६ ची रेपॉझिटरी प्रायोगिक रूपात यायला २.२९ आवृत्ती, म्हणजे ऑक्टोबर २०२० उजाडला, आणि तीही जुन्या रेपॉझिटरीशी देवाणघेवाण करू शकत नव्हती.