देवाच्या धाकाबिगर

खात्यातला जोडीदार विचारतो, "देव मानत नाहीस, मग चोरी करताना तुला अडवतं कोण?"

मित्रांनो, मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं. बाटायला होतं म्हणून साचेखात्यात अस्पृश्याला मज्जाव. १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मज्जाव करणारे देव मानणारेच होते की! त्यांना का नाही अडवलं कुणी?

'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली, बाबासाहेब गेल्यावर निघाला. धर्मातली नीती म्हणजे गाडीचा डबा, हवा तेव्हा जोडला, नको तेव्हा सोडला, असं ते त्यात मांडतात. धम्मात मात्र नीतीच देवाच्या जागी. इथवर शंभर टक्के पटतं. पण दुबळ्याचं रक्षण व्हावं म्हणून नीती पवित्रही हवी, असं ते पुढं म्हणतात, तिथं मी अडखळतो. हेतू खराच. पण पवित्र म्हटलं की आपण हार घालून मोकळे! आमच्या चाळीतल्या एका कार्यकर्त्याला पंचशील तोंडपाठ, पण मातंगाघरचं पाणी चालत नाही. परवा त्याच्यासमोरच मी त्या घरी पाणी मागितलं. तो उठून गेला. अजून बोलत नाही.