कार्ल्याच्या डोंगराला किती गुण?

सकाळी पुण्याहून निघालेली डेक्कन क्वीन तळेगाव, वडगाव, कामशेत मागे टाकीत लोणावळ्याकडे धावते, तेव्हा मळवलीच्या आसपास डाव्या हाताला विसापूर आणि लोहगड दिसतात, उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून गेलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुढील बरीच वर्षे या गाडीने ये-जा करीत राहिले. घर पुण्यात, नोकरी मुंबईत. जाऊन-येऊन सुमारे सहा तास गाडीत. या तासांत ते वाचीत, लिहीत. आणि सुटीच्या दिवशी, गाडीतून दिसणाऱ्या या डोंगरांवर पायी हिंडत.

या हिंडण्यातून जे निष्पन्न झाले त्याचा मोठा भाग १९६२ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते इतिहासाचे पुस्तक म्हणून वाचले असेल. आम्हांला येथे ते वेगळ्या कारणासाठी उघडायचे आहे. विद्यापीठातील माणूस काम कसे करतो, त्याला त्यासाठी काय लागते, आणि त्याच्या कामाचे मोल आपण कसे ठरवतो, हा प्रश्न गेली काही वर्षे आपल्याकडे फार चर्चेत आहे. मावळातील हे काम त्या प्रश्नाला घासून पाहण्यास चांगले आहे.

मावळात त्यांनी काय केले?

कोसंबींचा मूळ विचार थोडक्यात असा. कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी ही बौद्ध लेणी आडरानात, जगापासून दूर कोरलेली नाहीत. कोकणातील बंदरांवरून बोरघाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी वाटांच्या काठी ती आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट या गावचे यवनही आहेत. म्हणजे येथे पैसा होता, रहदारी होती. पण या वाटा व्यापाऱ्यांनी पाडल्या काय? कोसंबींचे उत्तर असे की, वाटा त्याहून जुन्या, गुरे-मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या माणसांच्या. पुरावा म्हणून त्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या : वाटांच्या कडेने जमिनीवर सापडणारी गारगोटीची, अकीकाची बारीक हत्यारे, आणि त्याच वाटांवर, फाट्यांवर आजही शेंदूर लावून पुजली जाणारी देवींची ठाणी. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे आणि कोकणातील कोळी तिच्या यात्रेला घाट चढून येतात, हे आपण सारे जाणतो. आपण पाहतो आणि पुढे जातो. कोसंबी तेथे थांबले आणि ‘येथेच का?’ असे त्यांनी विचारले.

हा प्रश्न मोठा होता; उत्तर मात्र तपासून घ्यावयास हवे. डोंगराच्या पृष्ठभागावर सापडलेल्या हत्याराला थर नसतो, आणि थर नाही तेथे वय सांगता येत नाही. आजचे देवीचे ठाणे आणि हजारो वर्षांपूर्वीचे हत्यार एकाच जागी मिळाले, म्हणजे मधल्या काळात तेथे पूजा अखंड चालू होती असे सिद्ध होत नाही. पाणी, सपाटी आणि चढाला सोपी वाट या तीन गोष्टी दोघांनाही लागतात. दोघे स्वतंत्रपणे त्याच जागी आले असतील. धेनुकाकट म्हणजे कार्ल्याच्या परिसरातीलच गाव, हे त्यांचे मतही सर्वांना पटलेले नाही. हेच कोसंबी आहत नाण्यांचा अभ्यास करताना किती काटेकोर होते! नाणे हातोहाती फिरून झिजते, म्हणून नाण्यांच्या सरासरी वजनावरून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी चलनातील हजारो आधुनिक नाणी तोलली. मावळातील कामाला त्या तोलाची संख्याशास्त्रीय कसोटी लागलेली नाही. ती आजही लावता येईल. ठाणी असलेल्या जागा आणि तशाच, पण ठाणी नसलेल्या जागा अशा दोन याद्या करून हत्यारे कोठे अधिक दिसतात ते नोंदवायचे. वस्तू उचलायची नाही, जागेची नोंद करायची आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचे. मावळातील एखाद्या महाविद्यालयाला दोन-तीन हिवाळे पुरेल असे हे काम आहे.

पण ते करणार कोण? आणि केले, तर त्याला काय मिळेल?

गुणांचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शिक्षकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणपद्धती आणली. तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या शोधपत्रिकेतील निबंधाला १५ गुण, राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला २५, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला ५०. हेतू वाईट नव्हता. वशिल्याने होणाऱ्या नेमणुकांना आळा बसावा, सर्वांना एकच माप लागावे, ही मागणी शिक्षकांचीही होती.

आता या मापाने कोसंबींना मोजून पाहू. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ला २५ गुण. त्यामागे डोंगरांवर घालवलेली वर्षे आहेत. तेच साहित्य पुस्तकात न घालता दोन निबंधांत वाटले, तर ३० गुण. तीन निबंधांत वाटले, तर ४५. म्हणजे विषय एकसंध मांडणाऱ्याला दंड आणि त्याच्या चकत्या करणाऱ्याला बक्षीस.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९४३ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना, कोसंबींनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. गुंतागुंतीचा, यदृच्छ वाटणारा संकेत काही मोजक्या स्वतंत्र घटकांत कसा उलगडावा, याची रीत त्यात आहे. पुढे फिनलंडचे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि त्या दोघांच्या नावाने ती प्रसिद्ध झाली. आता त्यांच्या जोडीला कोसंबींचेही नाव घेतात. चित्रे आणि संकेत कमी जागेत साठवण्याच्या शास्त्रात तिला मानाचे स्थान आहे. त्याच सुमारास त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे आजही ते वापरतात. याउलट १९५९ साली त्यांनी रीमानच्या गृहीतकासंबंधी एक दावा केला. १८५९ पासून न सुटलेले, आजही न सुटलेले हे कोडे. हा निबंध छापला गेला कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. तेथे संख्यासिद्धांत जाणणारा वाचक मिळणे कठीणच. गणितज्ञांनी तो दावा स्वीकारला नाही.

या दोन्ही पत्रिका मान्य धरल्या, तर १९४३ च्या निबंधाला १५ गुण आणि १९५९ च्या निबंधालाही १५ गुणच! जगभर पोचलेली रीत आणि फसलेला दावा यांत या तराजूला फरक दिसत नाही. फरक दिसतो तो निबंध उघडून वाचणाऱ्याला.

कोसंबींना देवत्व देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. रीमानच्या प्रकरणात चूक त्यांची होती, आणि तपासणारा जाणकार वेळीच भेटला असता तर त्यांचेही भले झाले असते. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. त्याची कारणे सांगताना कोणी या दाव्यावर भर देतात, कोणी अणुऊर्जेविषयीच्या त्यांच्या परखड मतांवर, कोणी होमी भाभांशी बिघडलेल्या संबंधांवर. १९६४ मध्ये ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत मानद शास्त्रज्ञ म्हणून आले आणि जून १९६६ मध्ये वारले. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, ज्यांच्याकडे हार्वर्डच्या बी. ए. पलीकडे पदवी नव्हती अशा माणसाला बनारस, अलीगढ, पुणे आणि मुंबई येथे नोकरी मिळत गेली. कोणीतरी त्यांचे काम वाचले होते म्हणून ती मिळाली.

पुण्याची पाहणी काय सांगते, काय सांगत नाही

गुण हवेत, पण वाचायला कोणी नाही, अशी स्थिती झाली की काय होते ते २०१८ साली पुण्यातून पुढे आले. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आयोगाने मान्य केलेल्या शोधपत्रिकांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीवरून घेतलेल्या ५,६९९ पत्रिका होत्या. त्यांतून यदृच्छ पद्धतीने १,३३६ निवडल्या, मोठ्या सूचींत आधीच असलेल्या ३२७ वगळल्या आणि उरलेल्या १,००९ तपासल्या. ३४.५ टक्के पत्रिका पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशी साधी माहितीच नीट न दिल्याने बाद झाल्या. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी खोटे क्रमांक, खोटे दावे यांसारखी चुकीची माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची योग्यता संशयास्पद होती.

पाहणी नमुनेदार आहे. नमुना कसा निवडला, काय वगळले, निकष कोणते, सारे उघड. (हे आकडे यादीच्या फक्त या भागाचे आहेत, साऱ्या यादीचे नव्हेत, हेही विसरू नये.) तिचा परिणामही झाला. आयोगाने पत्रिकांची नवी, गाळलेली यादी करण्याचे काम हाती घेतले, त्याचा एक विभाग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. २०१८ च्या नियमांनी बढतीतील गुणांचा काच सैल केला, पण उमेदवार गाळताना निबंध मोजणे राहिलेच.

आमचा आक्षेप पाहणीवर नाही, ती वाचून आपण जेथे थांबलो त्यावर आहे. तिने पत्रिका तपासल्या. त्यांत लिहिणारी माणसे तपासणे हा तिचा विषयच नव्हता. पण पत्रिका खोटी निघाली की आपण लगेच म्हणतो, मास्तर खोटा. तो मास्तर कोण? महाराष्ट्रात आज अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक आहेत. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन. सुटीत काही नाही. पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही ठाऊक नाही. असा माणूस सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी तास घेतो. गाडीतले तास त्यालाही आहेत. पण कोसंबींना गाडीत वाचता येत होते, कारण महिन्याच्या अखेरीस पगार येणार होता. डोंगर दोघांनाही सारखाच दिसतो. त्यावर चढायला लागणारा रविवार सारखा नाही.

आमचा दोष

येथे एक कबुली द्यावयास हवी. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात उमेदवारांची निवड करणाऱ्या समितीवर तज्ज्ञ म्हणून आम्ही बसलो होतो. समोर फायलींची चळत, प्रत्येक उमेदवाराला वीस मिनिटे. आम्ही निबंधांची संख्या पाहिली, बेरीज तपासली, पत्रिका यादीत आहे ना ते पाहिले. एकाही उमेदवाराचा एकही निबंध आम्ही उघडून वाचला नाही. एका मुलाखतीत तासिका तत्त्वावर शिकवणारी एक अध्यापिका ओढ्याच्या पाण्याची तीन पावसाळे ठेवलेली नोंदवही दाखवू लागली. ‘छापले आहे काय?’ असे विचारून आम्ही ती बाजूला ठेवायला लावली. वहीत काय होते ते आम्हांला आजही ठाऊक नाही. कदाचित काही विशेष नसेलही. पण ते न पाहता आम्ही तज्ज्ञ म्हणून सही केली. खोट्या पत्रिका काढणाऱ्यांचे दुकान चालते ते अशा सह्यांवर. वाचणारा कोणी नाही याची त्यांना खात्री असते.

२०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे शास्त्रज्ञांनी केलेल्या जाहीरनाम्यात हेच सांगितले आहे : पत्रिकेच्या मापाने माणूस मोजू नका, काम पाहा. आमची सूचना त्याहून साधी आहे. उमेदवाराने आपली आवडती दोनच कामे पुढे ठेवावीत. निबंध असो, पुस्तक असो की नोंदवही. समितीने ती आठवडाभर आधी वाचावीत आणि वाचल्याचे दोन परिच्छेद लिहून सहीनिशी जोडावेत. आणि काम मागायचे असेल, तर माणसाला निदान वर्षभराची नेमणूक द्यावी. याला खर्च आहे, वेळ आहे. पण गुणांच्या बेरजेवर आज जातो तो वेळही कोठून तरी येतोच.

आपण शाळेतले शिक्षक असाल, तर म्हणाल, याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. मुलांच्या प्रकल्पवह्या आपणही तपासतो. पाने मोजून गुण देतो, की वाचून? सवय तेथे लागते. पुढे तीच मुले समित्यांवर बसतात.