तंगुसाची ताकद : रिळावरची आणि खडकावरची

गळाच्या तंगुसाच्या रिळावर दोन आकडे ठळक छापलेले असतात : जाडी आणि तुटण्याचा भार. हे आकडे आणि किंमत पाहून तंगूस निवडला जातो. पण छापलेला भार नव्या, सरळ ताणलेल्या धाग्याचा असतो. अलिबागला कुलाबा किल्ल्याभोवतीच्या खडकांत गळ टाकला, की धागा दगडाच्या आणि कालवांच्या धारदार कडांवर घासतो. तिथे प्रश्न ताणाचा कमी आणि झिजेचा जास्त असतो.

साधे गणित करून पाहू. धाग्याची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ०.४ मिलिमीटर व्यासाचा धागा सर्व बाजूंनी ०.०५ मिलिमीटर झिजला तर व्यास ०.३ उरतो आणि ताकद ५६ टक्के. ०.२ मिलिमीटरचा धागा तेवढाच झिजला तर ताकद उरते फक्त २५ टक्के. पॉलिएथिलीनचा विणलेला धागा त्याच भारासाठी नायलॉनपेक्षा बराच बारीक असतो. हा त्याचा गुण खडकावर दोष ठरू शकतो. शिवाय त्याचे सूक्ष्म तंतू कडेवर एकेक करून तुटत जातात. तो सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतो, तर नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना. त्यामुळे घर्षणाची उष्णताही त्याला लवकर बाधते. उलट नायलॉन पाणी शोषतो आणि भिजल्यावर काहीसा दुबळा होतो. फ्लुओरोकार्बन जवळजवळ पाणी शोषत नाही, पण महाग असतो.

तुलनेसाठी धागा सँडपेपरवर घासून फेऱ्या मोजण्याची रीत आहे. शाळेत करायला ती सोपी आहे, पण तिच्यात तीन उणिवा राहतात. एक, समान जाडीचे धागे घ्यायचे की समान भाराचे, हे ठरवलेले नसते. दोन्ही रीतींत क्रमांक बदलू शकतो. दोन, धागा कोरडा असतो. तीन, सँडपेपरच्या खाचा भुकटीने बुजतात, म्हणून नंतर तपासलेला धागा फुकट जिंकतो.

मोजमापाची परिस्थिती किती महत्त्वाची, हे अलिबागनेच दाखवले आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये इथे हलवली गेली, आणि जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे मापे घेतली गेली.

किमतीचेही तसेच. समजा, ६० रुपयांचा तंगूस दोन महिने टिकला आणि १५० रुपयांचा सहा महिने, तर महिन्याचा खर्च अनुक्रमे ३० आणि २५ रुपये. पण पहिल्याच अडकण्यात सगळा धागा गमवावा लागत असेल, तर स्वस्तच परवडतो. मात्र तुटून समुद्रात राहिलेला नायलॉन कुजत नाही. त्यात जीव अडकत राहतात. तो खर्च कुठल्याच रिळावर छापलेला नसतो.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा : धागे रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवावेत, टोकाला सारखे वजन बांधावे, प्रत्येक वेळी नवा सँडपेपर घ्यावा, प्रत्येक धाग्याच्या किमान पाच चाचण्या घ्याव्यात आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एकदा समान जाडीचे, एकदा समान भाराचे धागे घ्यावेत. दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी लिहून मुलांना विचारावे : ‘सर्वांत मजबूत’ कोणता? कशासाठी, हा उलट प्रश्न त्यांच्याकडून आला, की प्रयोग साधला.