ओवीचे माप आणि सेपेडी पद्य

जात्यावरची ओवी कागदावर उतरविताना ‘गं’, ‘बाई’ ही अक्षरे भरतीची म्हणून गाळली, की उरलेल्या चरणांतील अक्षरे जुळेनाशी होतात. आणि मग रत्नागिरीकडील बायकांची ओवी छंददृष्ट्या शिथिल ठरते. हा दोष ओवीचा नव्हे, मोजणाऱ्याचा आहे.

माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त (1927, सुधारित आवृत्ती 1937) वृत्त, जाति आणि छंद यांचा भेद विशद केला. छंदात लघुगुरुभेद लोपतो व प्रत्येक अक्षर गुरूसारखे उच्चारले जाते, हा त्यांचा सिद्धांत. ‘कोकण’ हा शब्द जातीत चार मात्रांचा, छंदात सहा मात्रांचा. नित्याच्या बोलण्यात तर त्यातील अन्त्य ‘अ’ ऐकूही येत नाही. मालगुंडच्या केशवसुतांचे शार्दूलविक्रीडित डोळ्यांनी तपासता येते. ओवी कानानेच तपासावी लागते.

येथे दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी भाषेची तुलना उद्बोधक ठरते. त्या भाषेत स्वराच्या ऱ्हस्वदीर्घत्वावरून शब्दार्थ बदलत नाही. मात्र वाक्यखंडाच्या अखेरीस उपान्त्य अक्षर लांबते. तिच्या परंपरागत स्तुतिपद्यांत चरणाची अक्षरसंख्या ठरलेली नसते. ही लांबण, तिच्यामागून येणारा विराम आणि फिरून येणारी शब्दरचना यांवरून श्रोत्याला चरण कळतो. संस्कृतात, ग्रीकमध्ये वा लॅटिनमध्ये गुरुत्व अक्षराच्या घडणीतून येते. सेपेडीत दीर्घत्व जागेवरून ठरते. (झुलू या भगिनीभाषेत विलाकाझी यांनी 1935 च्या संग्रहात पाश्चात्त्य धर्तीचे यमक योजून पाहिले, तो निराळाच विषय.)

साम्य ताणू नये. सेपेडी स्तुतिपद्याला जात्याच्या फेऱ्यासारखा बाह्य ठेका नसतो. ओवीत तो ठेका हाताचा असतो. तथापि या तुलनेने पटवर्धनांच्या सिद्धांताची मर्यादा उघड होते. सर्व अक्षरांना सारखेच वजन देऊन त्यांनी ओवीला लघुगुरूच्या जाचातून सोडविले खरे. परंतु दळणारी बाई अक्षरे सारखी तोलत नाही. काही ती घाईने उरकते, काहींवर रेंगाळते, आणि कोठे रेंगाळावे हे चरणातील जागा ठरविते. ‘गं’ बहुधा त्याच जागी येतो.

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या संग्रहात शब्दांबरोबर ध्वनिमुद्रणेही आहेत. या प्रश्नाचा निकाल तशाच सामग्रीवर लागू शकेल. रत्नागिरीच्या ओव्या छापताना तोवर निदान ‘गं’ कंसात तरी राहू द्यावा.