गवत फार झाले

गेल्या काही वर्षांत छोट्या रेल्वेचे जे देखावे पाहण्यात आले, ते पाहून माझ्या मनात वारंवार एकच प्रश्न येतो, आणि तो असा की, ज्या मुलखात एवढे गवत माजले आहे तेथली गुरे गेली कोठे? विजेच्या भाराने कृत्रिम तंतू उभे रोवणारे यंत्र हाती आल्यापासून रुळांच्या दुतर्फा, परसात, फार काय फलाटाच्या कडेलाही एकाच उंचीची हिरवी लव पसरली आहे; आणि हल्ली यालाच वास्तवदर्शन म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

वास्तवाची माझी कसोटी ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयाची. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड या गृहस्थाने व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातली जुनी घरे डोळ्यांदेखत पालटताना पाहिली, आणि ती नामशेष होण्यापूर्वी त्यांची नोंद राहावी एवढ्याच हेतूने, फुटास चार मिलिमीटर या प्रमाणात, एकेक घर मोजूनमापून पुठ्ठ्यातून उभे करण्यास आरंभ केला; त्यातूनच हे संग्रहालय उभे राहिले. तेथे गाडी येते आणि जाते; पण ती येण्यापूर्वीही हे खोरे नांदते होते, अमुक पायवाट अमुक दारापाशीच का संपते याला काही कारण होते, असा भरवसा पाहणाऱ्यास वाटतो. देखाव्यातल्या प्रत्येक वस्तूपाशी आपल्या वहिवाटीचा दाखला असावा. पेंडनमध्ये तो मागण्याची वेळच येत नाही.

छोट्या रेल्वेचे देखावे रचणाऱ्या अमेरिकन जॉन ॲलनची गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील घराच्या तळघरात त्याने जमिनीपासून छतापर्यंत पर्वत रचले, डब्यांवर धूळ आणि गंज चढवला, आणि स्टेगोसॉरसाला इंजिनाच्या कामास जुंपण्याइतका तो मिश्किलही होता. १९७३ साली तो निवर्तला आणि थोड्याच दिवसांत त्याची ती सृष्टी आगीत गेली. मागे उरला तो गंज, जो शिष्यांचे शिष्य आज सरसकट सगळ्या डब्यांना फाशीत आहेत. हॅम्बुर्गचे मिनिआतुर वुंडरलांड हे छोट्या रेल्वेचे भलेमोठे प्रदर्शन म्हणजे जत्रा आहे, आणि जत्रेची कोणी समीक्षा करीत नाही.

माझे खरे भांडण गर्दीशी आहे. चार फुटांच्या फळीवर पुलावरची बस, जळते घर, चर्चच्या दारातले वधूवर आणि पोलिसांनी अडवलेली मोटार! दिवाळीच्या किल्ल्यावर हळिवाच्या गवतात मावळ्याशेजारी मोटार ठेवणारे पोर निदान वास्तवाचा दावा तरी करीत नाही. यावर उत्तर ठरलेले असते: एकास सत्त्याऐंशी या प्रमाणातही एका मैलाला साठ फूट लागतात, तेव्हा काटछाट अटळ आहे. कबूल, पण काटछाट म्हणजे गाळणे, मैलभरातली सारी नवलाई चार फुटांत कोंबणे नव्हे.

आपल्याकडील कोणी बोरघाट करावयास घेतला, तर एकास सत्त्याऐंशीच्या प्रमाणात रुळांतले अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवे आणि बाजारी रूळ साडेसोळाचे मिळतात, ही तफावत मी पोटात घालीन. परंतु त्याने घाट मे महिन्यातला करावा, कातळ काळाच ठेवावा, गवत लावलेच तर वाळलेले आणि तुरळक लावावे, आणि निदान तीन फुटांपर्यंत तेथे काहीएक घडू देऊ नये.